ओल बाहेरून येत नाही

आषाढातली सकाळ, नऊचा सुमार. मावळात तीन दिवस झड लागलेली. घरामागच्या पॉलिटनेलचे दार उघडून मी आत पाऊल टाकतो आणि चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या होतात. काचा पुसून वर पाहावे तर माथ्यावरचा कागद घामेजलेला. एक थेंब कागदावरून ओघळत येतो, पाइपच्या सांध्याशी थबकतो, फुगतो आणि खालच्या जरबेराच्या फुलावर टपकतो. त्या फुलाच्या पाकळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके पडलेत. दोन दिवसांत तिथे करडी लव धरणार. ढोबळी मिरचीच्या बुंध्याशी, जिथून मागच्या आठवड्यात पान खुडले होते, तिथे ती धरलीच आहे.

यावर आपल्याकडचा ठरलेला सल्ला असा: पाऊस लागला की पडदे पाडा, बाहेरची ओल आत घेऊ नका. हा सल्ला शेजारचे अनुभवी बागायतदार देतात, कागद विकणारे देतात, परसात चार कमानी उभारून रोपे करणारी हौशी माणसेही एकमेकांना देतात. मी स्वतः चार पावसाळे तो मनोभावे पाळला आणि चारही पावसाळे बुरशीनाशकाच्या बाटल्या रिकाम्या केल्या. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे समजून घेतले तर टनेल सांभाळण्याची सगळी रीतच बदलते, असे माझे ठाम मत झाले आहे.

पूर्वपक्ष

विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे, कारण ते अडाण्यांचे नाही. त्यात चार मुद्दे आहेत. पहिला, पावसाळ्यात बाहेरच्या हवेची आर्द्रता ९५ ते १०० टक्के असते आणि आत लावलेला मीटर ८५ दाखवतो; मग जास्त ओली हवा कमी ओल्या जागेत का घ्यायची? दुसरा, बंद टनेल उबदार राहतो आणि ऊब ओलीला मारते. तिसरा, बुरशीचे बीजाणू वाऱ्यावरून येतात, पडदा त्यांना अडवतो. चौथा, तिरपी झड आत आली तर पाने थेट भिजतात.

यातला चौथा मुद्दा पूर्ण खरा आहे आणि मी तो मान्य करूनच पुढे जातो. ज्या बाजूने झड येते ती बाजू बंदच हवी. पण एक बाजू बंद ठेवणे आणि चारी बाजू कोंडून घेणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उरलेले तीन मुद्दे मात्र तपासले की टिकत नाहीत.

टक्के कशाचे?

हवेत किती बाष्प मावते हे तिच्या तापमानावर ठरते. १२ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे १०.७ ग्रॅम बाष्प मावते, २२ अंशांना १९.४ ग्रॅम, २७ अंशांना जवळपास २५.८ ग्रॅम, आणि ३८ अंशांना ४६ ग्रॅम. आर्द्रतामापक जो टक्का दाखवतो तो या क्षमतेचा टक्का असतो. हवेत पाणी किती आहे हे तो सांगत नाही. भांडे कितपत भरले आहे एवढेच सांगतो. भांडे केवढे, हे ज्याचे त्याने पाहायचे.

आता पावसाळ्यातली एक संध्याकाळ घेऊ. बाहेर पाऊस, २२ अंश, आर्द्रता पूर्ण १०० टक्के. आत २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. मीटर पाहणारा म्हणेल, आत कोरडे आहे, पडदा उघडू नका. हिशेब करून पाहा. बाहेरच्या शंभर टक्के हवेत घनमीटरमागे १९.४ ग्रॅम पाणी आहे. आतल्या पंच्याऐंशी टक्के हवेत २१.९ ग्रॅम. म्हणजे ज्या हवेला आपण ओली म्हणून दाराबाहेर ठेवले तीच खरी कोरडी आहे. ती आत आली आणि आतल्या उबेने २७ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता सुमारे ७४ टक्के भरेल. पंच्याऐंशीची जागा चौऱ्याहत्तर घेते, तीही धो धो पावसात.

आणखी एक गोष्ट. आतल्या त्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश आहे. २४ अंशांपेक्षा थंड जे जे काही तिला शिवेल, त्यावर पाणी सुटणारच. बाहेरून पावसाने धुतला जाणारा कागद २२ अंशांचा आहे, म्हणून तो घामेजतो. पावसातून चालत आलेल्या माझ्या चष्म्याच्या काचाही २२ अंशांच्याच. म्हणून त्या आत शिरताना पांढऱ्या होतात, बाहेर पडताना कधीच होत नाहीत. बाहेरची हवा आतल्यापेक्षा खरोखर ओली असती तर हे उलटे झाले असते. रोज चष्मा पुसत असताना हा पुरावा माझ्या नाकावर होता, आणि मी तो चार वर्षे वाचला नाही.

मीटरवर विश्वास नसेल, चष्मा नसेल, तर स्टीलचा तांब्या सगळ्यांकडे आहे. तो चकचकीत घासून पुसावा, अर्धा साध्या पाण्याने भरावा आणि पाण्यात तापमापक ठेवावा. बर्फाचे तुकडे एकेक सोडत हळूहळू ढवळत राहावे. बाहेरच्या अंगावर पहिली पुसट वाफ धरली की पारा वाचावा. तो त्या हवेचा दवबिंदू. एकदा टनेलमध्ये करावे, एकदा पडवीत, पावसाच्या आडोशाला. ज्या जागी तांब्या अधिक थंड व्हावा लागतो ती हवा कोरडी. मी गेल्या पावसाळ्यात हे वेगवेगळ्या वेळी करत राहिलो. संध्याकाळी आणि सकाळी उशिरा तांब्याचा कौल दर वेळी बाहेरच्या हवेच्या बाजूने पडला. मध्यरात्रीनंतर दोन्ही जागी जवळपास सारखेच आले. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी निघाली असे एकदाही घडले नाही.

मग हे पाणी आले कुठून?

पहिल्या मुद्द्याच्या मुळाशी एक न बोललेले गृहीत आहे: ओल ही बाहेरची वस्तू आहे आणि पडदा तिला अडवतो. खरे तर टनेलमधली बहुतेक सगळी ओल टनेलमध्येच तयार होते. झाड मुळांतून जे पाणी उचलते त्यातले शेकडा पंच्याण्णवहून अधिक पानांतल्या सूक्ष्म छिद्रांवाटे हवेत सोडते. शिवाय ओल्या बेडची वाफ आणि वाटांवर सांडलेल्या पाण्याची वाफ असतेच.

परसातला टनेल घ्या: सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, माथ्याला दोन मीटर उंच. कमान धरून त्यात सुमारे २८ घनमीटर हवा भरते. २५ अंशांना ती सगळी हवा काठोकाठ ओली झाली तरी तिच्यात साडेसहाशे ग्रॅमच पाणी मावते. एक तांब्याभरसुद्धा नाही. आणि आपण त्या टनेलमध्ये सकाळी दोन बादल्या पाणी घालतो.

तळेगाव दाभाड्याच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये किंवा आसपासच्या गावांत आपल्याला दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस नेहमी दिसते. त्याचा हिशेबही असाच. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. सरासरी पाच मीटर उंची धरली तर पाच हजार घनमीटर हवा. २५ अंशांना तिच्यात ११५ लिटर पाणी मावेल. पूर्ण वाढलेले पीक दिवसाला चौरस मीटरमागे समजा दोनच लिटर पाणी हवेत सोडते, तरी दोन हजार लिटर झाले. एकशे पंधरा लिटरच्या भांड्यात रोज दोन हजार लिटर ओतले जात आहे. बाहेर पडणारी हवा घनमीटरमागे आठ ग्रॅम जास्तीचे बाष्प नेते असे धरले, तर एवढे पाणी काढायला दिवसात पन्नास वेळा सगळी हवा बदलावी लागेल. पडदे पाडले तर ते पाणी जाणार कुठे? कागदावर, पानांवर, पाकळ्यांवर.

हे समजल्यावर बंद पडद्याचा अर्थच पालटतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आपली गत आहे. बाहेरची हवा ओल घेऊन येत नाही. ओल उचलून नेणारी ती एकटीच आहे, आणि आपण तिलाच बाहेर ठेवतो.

उबेचे काय?

दुसरा मुद्दा उबेचा, आणि तो सर्वांत जुना आहे. त्याचा उगम शोधला तर आपण थंड देशांत पोचतो. काच महाग म्हणून अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या ई. एम. एमर्ट यांनी १९४८ साली लाकडी सांगाड्यावर पारदर्शक प्लॅस्टिक लावून हरितगृह उभे केले, आणि तिथून प्लॅस्टिकच्या घरांची चाल पडली. ज्या मुलखात हिवाळा गोठवणारा, तिथे ऊब राखणे हेच पहिले काम होते. तंत्र आपल्याकडे आले तेव्हा त्याच्याबरोबर बंद ठेवण्याची सवयही आली. आपल्या जुलैला उबेची टंचाई नाही, हे ती सवय विचारातच घेत नाही.

काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घर तापते कशाने, हेही आपण अर्धवट ऐकलेले असते. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये एक छोटे टिपण लिहिले. त्याने काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पेट्या केल्या. एकीवर काच लावली, दुसरीवर सैंधव मिठाचे तावदान. काच उष्णतेचे लांब लहरींचे किरण अडवते, सैंधव ते जाऊ देते. उन्हात ठेवल्यावर दोन्ही पेट्या ६५ अंशांच्या आसपास तापल्या, आणि दोन्हींना मिळणारे ऊन आधी काचेतून गाळून घेतल्यावर त्यांच्या तापमानात जेमतेम अंशभराचा फरक उरला. निष्कर्ष स्पष्ट होता: अशी घरे तापतात ती मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. टनेलमधली ऊब म्हणजे कोंडलेली हवा, आणि त्याच कोंडलेल्या हवेत ओलही असते. एकीला ठेवून दुसरीला घालवणे पडद्याला साधत नाही.

रात्री तर ऊबही फारशी उरत नाही. साध्या पॉलिथिनच्या कागदातून लांब लहरींची उष्णता बरीचशी आरपार जाते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री बंद टनेलमधली पाने आकाशाकडे उष्णता सोडत राहतात आणि कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतात. डिसेंबरातली मावळातली एक संध्याकाळ घ्या. सूर्य मावळताना आत २६ अंश आणि ८० टक्के, म्हणजे घनमीटरमागे १९.५ ग्रॅम पाणी. थंडी वाढणार म्हणून आपण ही हवा कोंडतो. पहाटे आत १२ अंश होतात. त्या तापमानाला १०.७ ग्रॅमच मावते. उरलेले ८.८ ग्रॅम कुठेतरी पडलेच पाहिजे. दहा गुंठ्यांच्या घरात ते ४४ लिटर होतात. तीन बादल्या पाणी आपण आपल्या हाताने संध्याकाळी आत डांबून ठेवतो आणि पहाटे पाकळ्यांवर शिंपडतो. मग सकाळी फवारणीचा पंप पाठीवर चढतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

एवढे मात्र मानले पाहिजे की खरी ऊब उपयोगी असते. २२ अंशांची काठोकाठ ओली हवा एका अंशाने तापली तर तिची आर्द्रता सुमारे ९४ टक्क्यांवर उतरते. तो एक अंश मोलाचा आहे. पण तो जमिनीतून आणि दिवसा तापलेल्या मातीतून मिळतो, आणि त्याचा फायदा हवा हलती असेल तरच होतो.

बीजाणू आणि पाणी

तिसरा मुद्दा रोगांचा. करड्या बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे, बीजाणू सगळीकडे असतात: वाळक्या पानावर, खुडलेल्या देठावर, मातीवर, हवेत. पडदा त्यांना अडवत नाही, कारण ते आधीच आत आहेत. ते रुजतात की नाही हे ठरवते पाणी. पानावर पाण्याचा थर, किंवा पानाला चिकटलेल्या हवेत साधारण ९३ टक्क्यांहून अधिक आर्द्रता, आणि तीही काही तास सलग. काकडीवरच्या केवड्यालाही ओले पानच लागते. ट्रेमधली कोवळी रोपे कोलमडतात तीही ओल्या माध्यमात आणि तुंबलेल्या हवेत. म्हणून मोजायचे ते पान किती तास ओले राहिले, हे. पहाटे ओले झालेले पान आठपर्यंत सुकले तर बहुतेक संकट टळते. तेच पान दुपारी बारापर्यंत ओले राहिले तर औषध बदलून उपयोग नाही.

इथे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांनाही सावध केले पाहिजे. ओल म्हणजे रोग आणि कोरडेपणा म्हणजे आरोग्य, हे समीकरणही खोटे आहे. गुलाबावरची आणि ढोबळी मिरचीवरची भुरी पानावर पाणी नसतानाही रुजते. उलट साचलेले पाणी तिच्या बीजाणूंना मानवत नाही. दिवसा कोरडी आणि रात्री कोंदट हवा तिला फार आवडते. शिवाय कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओघाबरोबर वर चढते. हवा सदा ओलीच असेल तर पाने पाणी सोडत नाहीत, ओघ मंदावतो आणि कोवळे शेंडे करपतात. हवा अतिकोरडी असेल तर सगळा ओघ पानांकडे ओढला जातो आणि फळ उपाशी राहून त्याचे बूड सडते. ध्येय कोरडी हवा हे नाही. पानातून पाणी सतत, सावकाश निघत राहावे आणि ते टनेलबाहेर जावे, एवढेच हवे.

उन्हाळ्यातली तीच चूक

पावसाळ्यातल्या या समजुतीची सख्खी बहीण एप्रिलमध्ये भेटते. बाहेर ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. फॉगर चालू केले जातात आणि गारवा निघून जाऊ नये म्हणून पडदे लावले जातात. तर्क एसीच्या खोलीचा आहे, आणि तो इथे लागू पडत नाही. फॉगर गार करतो तो पाण्याची वाफ होताना. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता खर्च होते. हवा जोवर वाफ घेऊ शकते तोवरच गारवा आहे.

पुन्हा तेच दहा गुंठ्यांचे घर. चौरस मीटरमागे ६०० वॅट ऊन आत येते असे धरले तर ती सगळी उष्णता फॉगरने शोषायला तासाला सुमारे ८८० लिटर पाण्याची वाफ व्हावी लागेल. त्या पाच हजार घनमीटर हवेत उरलेली जागा आहे ती १८५ लिटरची. म्हणजे ढोबळ हिशेबाने बारा-तेरा मिनिटांत हवा भरते आणि फॉगरचा गारवा संपतो. ऊन मात्र संपत नाही. पुढे पानावर नुसते पाणी साचते आणि माणसाला आत उभे राहवत नाही. माथ्याची खिडकी आणि बाजू उघड्या ठेवून फॉगर थोड्या थोड्या वेळाने, काही सेकंद चालवला तरच तो काम करतो. जी हवा आषाढात ओल नेते, तीच चैत्रात गारवा आणते.

मंडन

आता काय करावे ते. टनेलचा पडदा टक्क्यावर किंवा पावसावर न चालवता दोन वेळांवर चालवावा: सांज आणि पहाट.

सांजवेळी सूर्य मावळण्याच्या तासभर आधी, पाऊस असो वा थंडी, वाऱ्यामागची बाजू आणि माथा उघडावा. दिवसभराची उबदार ओली हवा अजून हलकी असते, वर चढायला तयार असते. पाण्याचा रेणू १८ भारांचा, कोरडी हवा सरासरी २९ भारांची. म्हणजे ओली हवा मुळातच हलकी, त्यात उबेने आणखी हलकी. तिला वरून वाट दिली की ती स्वतःहून जाते, खालून कोरडी हवा येते. आत-बाहेर तापमान जवळपास सारखे झाले की हिवाळ्यात बाजू बंद कराव्या, पण माथ्याला चार बोटांची फट रात्रभर ठेवावी.

पहाटे, ऊन कागदावर पडण्याआधी पुन्हा उघडावे. ही वेळ सर्वांत जास्त चुकते. ऊन लागताच हवा आणि पाने पटकन तापतात, पाणी सोडू लागतात. पण पाण्याने भरलेली मिरची, टोमॅटो किंवा जाड कळी रात्रीच्याच थंडीत असते. नऊ वाजताची हवा सहा वाजताच्या फळाला भेटते आणि फळावर दव सुटते. बर्फाच्या पाण्याचा तांब्या जसा घामेजतो तसेच. अर्धा तास आधी पडदा हलवला की हे टळते.

पाणी सकाळीच द्यावे, ठिबकने. संध्याकाळी बेड भिजवू नये, वाटा कोरड्या ठेवाव्या. बुंध्याकडची जुनी पाने काढून टाकावी, म्हणजे झाडाच्या पायथ्याशी वारा शिरतो. मोठ्या घरात माथ्याच्या आणि बाजूंच्या खिडक्या मिळून जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १५ ते २५ टक्के असाव्या, आणि माथ्याची खिडकी नेहमीच्या वाऱ्याकडे पाठ करून असावी, म्हणजे वारा तिच्यातून हवा ओढून काढतो. बारीक कीडजाळी वारा बराच अडवते, आणि त्या जाळीवर धूळ-शेवाळ चढले की आणखी. म्हणून जाळी लावली असेल तर उघडे क्षेत्र वाढवावे आणि जाळी धुवावी.

परसातल्या छोट्या टनेलला माथ्याची खिडकी नसते. तिथे दोन्ही टोकांना दारे हवीत आणि ती वाऱ्याच्या दिशेत असावीत. बाजूचा कागद जमिनीपासून दोन फूट सोडून वर गुंडाळता यावा; खालचा दोन फुटांचा पट्टा तसाच ठेवावा, म्हणजे उडणारे शिंतोडे आणि थंड झुळूक रोपांना लागत नाही. लांबी वीस-पंचवीस मीटरच्या पुढे गेली की मधली हवा मेल्यासारखी पडून राहते. तिथे बाजू उघडणे किंवा एखादा छोटा पंखा लावणे याला पर्याय नाही.

आक्षेपांना उत्तर

वादळाचे काय, असे विचारले जाईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मावळापर्यंत पॉलिहाऊसचे कागद फाटले, सांगाडे वाकले. अशा वेळी सगळे बंद करून बांधून घ्यायचे, यात वाद नाही. पण वादळ वर्षातून एखादा दिवस असते. त्या दिवसाचा नियम चार महिने चालवणे हे शहाणपण नव्हे.

कलमांचे काय, असेही विचारले जाईल. कोकणात पावसाळ्यात आंब्याची कोय कलमे बांधतात तेव्हा काडीला मूळ नसते. तिला दमट हवाच लागते. बरोबर. पण तिथले जाणते कलमी काय करतात ते पाहा: ते काडीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची छोटी टोपी चढवतात. ओल हवी तिथेच, बोटभर जागेत राखतात, आणि सांधा जुळून फूट दिसली की टोपी काढतात. सगळ्या शेडची हवा कोंडण्याची गरज त्यांना पडत नाही. हा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

शेवटचा आक्षेप असा की मध्यरात्रीनंतर, संततधारेत, आत आणि बाहेर सारखीच ओल असते. मग उघडून मिळते काय? प्रामाणिक उत्तर असे की त्या काही तासांत फार मिळत नाही. पण गमावतही काही नाही, आणि हवा हलती राहिल्याने पानाला चिकटलेला ओलसर थर तुटतो. खरी कमाई संध्याकाळी आणि सकाळी होते, आणि ती करायची तर पडदा उघडण्याची तयारी पावसातही हवी.

गेल्या आषाढात मी पहिल्यांदा भर पावसात पूर्वेकडचा कागद गुंडाळायला घेतला, तेव्हा कामाला येणाऱ्या मावशी दोरी हातात धरून थांबल्या. “दादा, बाहेर एवढा पाऊस आणि तुम्ही उघडताय? रोपं सर्दतील की!” मी त्यांना तांब्या, बर्फ आणि तापमापक आणायला सांगितले. आधी आत, मग पडवीत, त्यांनीच ढवळले, त्यांनीच पारा वाचला. आत २४ला वाफ धरली, बाहेर २२ला. त्या थोडा वेळ तांब्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आपणच कोंडून ठेवत होतो.” त्यानंतर सांजेचा पडदा मला कधी सांगावा लागला नाही.

त्या पावसाळ्यात करडी बुरशी पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीआड वारा पोचत नाही तिथे, ती दिसली. बाकीच्या बेडवर खुडून टाकायची फुले बोटांवर मोजण्याइतकी राहिली आणि पंप बराच काळ खुंटीला लटकत राहिला. आणि आता पावसातून चालत टनेलमध्ये शिरलो तर चष्मा स्वच्छ राहतो. ज्या दिवशी तो पांढरा होतो, त्या दिवशी मी आधी पडदा पाहतो, औषधाची बाटली नंतर.